डोईवरची मुंबई

मुंबईचे वर्णन करण्याची मराठीतील परंपरा जुनी आणि सन्माननीय आहे. १८६३ साली गोविंद नारायण माडगावकरांनी ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध केले, पुढे १८८९ साली बाळकृष्ण बापू आचार्य आणि मोरो विनायक शिंगणे यांनी ‘मुंबईचा वृत्तांत’ सिद्ध केला; आणि या दोन्ही ग्रंथांचे मोठेपण असे, की राज्यकर्त्यांच्या कारकीर्दींइतकेच बाजार, विहिरी, धंदे आणि नाना जातींची माणसे हेही नोंदवून ठेवण्याच्या योग्यतेचे विषय आहेत, असे त्यांच्या कर्त्यांनी मानले. त्या परंपरेला स्मरून मी या लेखात शहराचा एकच पैलू घेतला आहे: मुंबईत माणसांच्या डोक्यावरून काय काय वाहिले जाते, ते कोण वाहते, कसे वाहते, आणि त्या वाहणाऱ्याशी मोकळ्या हातांनी चालणाऱ्या तुम्हा-आम्हा नागरिकांचा संबंध काय.

जहाजे, आगगाड्या, मालमोटारी आणि यारी यांनी संपन्न असलेल्या महानगरात डोईवरच्या ओझ्याला असे कितीसे स्थान उरले असणार, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. परंतु थोडा वेळ एखाद्या नाक्यावर उभे राहून पाहिले, म्हणजे ध्यानात येते की यंत्र माल आणून टाकते तो बंदरावर, फलाटावर किंवा गल्लीच्या तोंडाशी. तेथून पुढे, जिथे जिना आहे, चिंचोळा बोळ आहे, गर्दीने तुडुंब भरलेला पूल आहे, तिथे चाक निरुपयोगी ठरते आणि माणसाची मान कामाला येते. शेकडो कोस यंत्राने केलेल्या प्रवासाचा शेवटचा फर्लांग मनुष्याच्या मस्तकावरून पार पडतो, आणि तो पार पडला नाही तर आधीचा सारा प्रवास व्यर्थ जातो.

पहाटे चारच्या सुमारास दादर पश्चिमेला, केशवसुत उड्डाणपुलाच्या आजूबाजूस, हा व्यवहार अगदी जवळून पाहता येतो. मीनाताई ठाकरे फुलबाजार आणि त्याच्या भोवतालचे रस्ते त्या वेळी झेंडू, शेवंती, गुलाब यांच्या ढिगांनी भरून गेलेले असतात. देशावरून टेम्पो आलेले असतात आणि वसईकडची मंडळी पहिल्या गाडीने आपापल्या टोपल्या घेऊन उतरत असतात. तेथे एक प्रौढ बाई आपली पाटी भरून झाल्यावर चुंबळ वळीत होती, ती क्रिया मी बारकाईने पाहिली. जुन्या सुती लुगड्याचा एक लांब पट्टा तिने पायाच्या अंगठ्यात धरून पीळ घातला. पीळ पुरेसा घट्ट झाल्यावर तो डाव्या हाताच्या चार बोटांभोवती दोन वेढ्यांनी गुंडाळला, उरलेले टोक त्या वेढ्यांतून आत-बाहेर ओवीत संपूर्ण कडे बांधून घेतले, शेवट आत खोचला आणि कडे तळहाताने एकदा दाबून पाहिले. मग ते माथ्याच्या मध्यापासून किंचित पुढे बसविले. मधली पोकळी टाळूवर आली, आणि सारा भार कवटीच्या कडेने वाटला जाईल अशी व्यवस्था झाली. या एवढ्या कामाला मिनिटही लागले नसेल. परंतु त्यामागे किती पिढ्यांचा अनुभव साठलेला होता, ते त्या बोटांच्या निःशंक हालचालीवरून कळत होते. सुती कापडच का, तर रेशमी किंवा नायलॉनचे कापड घसरते. आणि जुनेच का, तर नवे कापड ताठ असते व टाळूला रुतते.

चुंबळ डोक्यावर ठेवून झाल्यावर तिने इकडेतिकडे पाहिले आणि शेजारून जाणाऱ्या एका अनोळखी तरुणाला म्हटले, ‘जरा हात लाव रे.’ तरुण थांबला, पाटीची एक बाजू त्याने धरली, दुसरी तिने धरली. पाटी आधी गुडघ्यापर्यंत, मग छातीपर्यंत आणि मग एका हिसक्यासरशी डोक्यावर गेली. तिने दोन पावले जागच्या जागी टाकून तोल जुळवला आणि ती चालू लागली. तो तरुणही आपल्या वाटेने गेला. कोणी कोणाचे आभार मानले नाहीत, कोणाला त्याची अपेक्षाही नव्हती. माझ्या लेखाचा सारा आशय या एका क्षणात आहे असे मला वाटते, आणि म्हणून पुढे जे काही सांगणार आहे ते याच क्षणाच्या अनुषंगाने वाचावे, अशी विनंती आहे. जड ओझे माणूस एकटा वाहू शकतो; एकटा उचलू मात्र शकत नाही.

हीच गोष्ट कुलाब्याच्या ससून डॉकमध्ये दिसते. १८७५ साली बांधली गेलेली ही गोदी मुळात कापूस व इतर व्यापारी मालासाठी होती. आज ती मासळीची आहे. उजाडण्यापूर्वी होड्यांतून टोपल्या वर येतात, लिलाव पुकारले जातात, आणि कोळणी आपापला वाटा पाटीत भरून निघतात. त्यांच्यापैकी पुष्कळजणी पुढे लोकलच्या लगेजच्या डब्यातून उपनगरांत जातात आणि नित्याच्या घरी दारोदार मासळी देतात. अशी एखादी मावशी दाराशी आली, की तिची पहिली मागणी मासळी घेण्याची नसते. ‘वैनी, पाटीला हात लावा,’ हेच तिचे पहिले वाक्य असते. घरातील बाई बाहेर येते, ओल्या पाटीची कड धरते, आणि दोघी मिळून पाटी जमिनीवर टेकवतात. भावाची घासाघीस, कोलंबी ताजी की शिळी याचा वाद, मागच्या आठवड्याचे राहिलेले पैसे, हे सारे त्यानंतर. व्यवहार आटोपला की पुन्हा दोघींचे चार हात पाटीला लागतात. विक्रेता आणि ग्राहक या नात्याच्या आरंभी आणि शेवटी अशी एक साह्याची क्रिया ठेवलेली आहे. आणि माझी अशी दृढ समजूत आहे की कोळणीच्या जिभेची धार प्रसिद्ध असूनही गिऱ्हाईक आणि ती यांचे संबंध वर्षानुवर्षे टिकतात, याचे एक कारण या हात लावण्यात आहे.

दुपारकडे वळताना दृश्य बदलते. साडेदहा-अकराच्या सुमारास चर्चगेटच्या फलाटावर लगेजच्या डब्याजवळ उभे राहावे. डबेवाल्यांची कीर्ती आता सातासमुद्रापलीकडे गेली आहे. १८९०च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी आरंभ केलेल्या या धंद्याची, १९५६ साली विश्वस्त संस्था म्हणून नोंदणी झालेल्या त्यांच्या संघटनेची, आणि डब्यांवर रंगाने काढलेल्या त्या अक्षर-अंकांच्या खुणांची हकीकत वाचकांना ठाऊक आहे, म्हणून ती मी पुन्हा सांगत नाही. मला सांगावयाचे आहे ते पाटीविषयी. ही पाटी म्हणजे माणसाच्या उंचीहून लांब असा लाकडी साचा. तीत तीस-चाळीस डबे ओळीने मांडलेले, आणि सारे मिळून वजन साठ किलोंच्या घरात किंवा त्याहून अधिक. मधल्या स्थानकांवर लोकल अर्धा मिनिट जेमतेम थांबते. एवढ्या वेळात पाटी उतरवायची, तर एकाने आतून लोटायची, दोघांनी बाहेरून झेलायची आणि तिसऱ्याने तिच्याखाली मान द्यायची, हा क्रम एका श्वासाचाही विलंब न होता पार पडावा लागतो. मावळ, मुळशी, आंबेगाव, जुन्नर, खेड या पट्ट्यातून आलेली ही माणसे बहुधा एकमेकांची भाऊबंद किंवा सोयरी असतात. ज्याच्यावर विसंबून मान पुढे करायची, तो माणूस ओळखीचा असणे त्या कामात किती आवश्यक आहे, हे एकदा पाटी उतरताना पाहिले म्हणजे पटते. करोनाच्या साथीनंतर डबे कमी झाले, डबेवालेही कमी झाले, आणि पुष्कळांनी सायकलीवर व दुचाकीवर अधिक भिस्त ठेवली आहे. तरीही स्थानकाच्या पुलावर पाटीला पर्याय अद्याप सापडलेला नाही.

डोक्यावर ओझे असलेल्या माणसाला मान वळवता येत नाही, खाली पाहता येत नाही आणि चटकन थांबताही येत नाही. समोरची आठ-दहा पावले एवढाच त्याचा दृष्टीचा मुलूख. पायाखालचा खड्डा त्याला तळव्याने ओळखावा लागतो आणि पायरीची उंची सवयीने. म्हणून तो ओरडतो. ‘बाजू, बाजू’, ‘पाय सांभाळा’, ‘लागेल हां, लागेल’ या ज्या आरोळ्या आपल्याला गर्दीच्या पुलावर उर्मट वाटतात, त्या वास्तविक त्याच्या डोळ्यांचे काम करीत असतात. तो धावतो, तेही घाईपोटी नव्हे; ओझ्याखाली हळू चालणे हे भरभर चालण्यापेक्षा अधिक कष्टाचे असते, आणि लहान, जलद पावलांनी डोक्यावरचा भार कमी हिंदकळतो.

शरीरशास्त्रज्ञांनीही या विद्येची दखल घेतली आहे. १९८६ साली ‘नेचर’ या नियतकालिकात केनियातील स्त्रियांच्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांत असे दिसून आले की सराव असलेल्या त्या स्त्रिया आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंतचे ओझे डोक्यावरून नेताना, रिकाम्या चालण्याहून अधिक शक्ती खर्च करीत नाहीत. ही अभ्यासाने साधलेली कला आहे. परंतु पाचवा हिस्सा म्हणजे पन्नास किलोंच्या माणसाला दहा किलो. आणि आपल्या बाजारांत माणसाच्या डोक्यावर त्याच्या स्वतःच्या वजनाइतके, क्वचित त्याहूनही अधिक ओझे दिलेले असते. तिथे कला संपते आणि झीज सुरू होते. मानेचे मणके झिजतात, गुडघे जातात, आणि पन्नाशीच्या आत माणूस कामाला निरुपयोगी ठरतो. १९६७ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने पुरुष कामगाराने नेहमी वाहावयाच्या ओझ्याला ५५ किलोंची मर्यादा सुचवली, तेव्हा आपल्याकडे क्विंटलचे, म्हणजे शंभर किलोंचे पोते ही सर्रास वहिवाट होती, आणि ती पुढेही दीर्घकाळ चालू राहिली.

या पोत्याचा इतिहास पाहावयाचा तर मशीद बंदर स्थानकावर उतरून दाणाबंदर, चिंचबंदर आणि मांडवी यांच्या गल्ल्यांत शिरले पाहिजे. धान्य, मसाले, सुका मेवा, काथ्या, लोखंड यांच्या पेढ्या आणि वखारी, दोन हातगाड्या समोरासमोर आल्या तर वाहतूक खोळंबेल असे रस्ते, आणि भिंतींना लागून पाठीवर, खांद्यावर, डोक्यावर माल घेऊन चाललेली माणसे. सातारा, सांगली, पुणे या जिल्ह्यांतील कोरडवाहू गावांतून एकेक पिढी येथे आली. टोळी करून राहिली, मुकादमाच्या शब्दावर कामाला लागली, आणि हमाली, तोलाई, वाराई अशा नावांनी जे काही दाम हातात पडे त्यावर गावाकडचा संसार चालवीत आली. मालक कोण, हे त्यांना सांगता येत नसे; कारण सकाळी एका पेढीचा माल उतरायचा आणि दुपारी दुसऱ्या पेढीचा भरायचा, आणि पाय मोडला तर दोन्ही पेढ्यांच्या दप्तरी त्या माणसाचे नाव सापडत नसे. रजा नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, औषधोपचाराची तजवीज नाही.

ही स्थिती पालटावी म्हणून पाटण तालुक्यातून आलेल्या अण्णासाहेब पाटलांनी या कामगारांची संघटना उभारली, आणि त्या चळवळीच्या रेट्यातून, वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, १९६९ साली महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा अधिनियम संमत झाला. या कायद्याची रचना विचार करण्याजोगी आहे. कामगाराला एक मालक नाही, ही अडचण मान्य करून कायद्याने त्रिपक्षीय मंडळे स्थापन केली. कामगाराची नोंदणी मंडळाकडे, मालकाची नोंदणीही मंडळाकडे. मालकाने मजुरी आणि तिच्यावरील ठरावीक टक्के लेव्ही मंडळात भरावयाची, आणि मंडळाने मजुरी कामगाराला देऊन लेव्हीतून निधी, उपदान, बोनस, सुट्टीचा पगार, औषधपाणी यांची तरतूद करावयाची. मालक बदलत राहिला तरी कामगाराचा हिशेब एका ठिकाणी साठत राहतो. असंघटित श्रमाला कायदेशीर आधार देण्याचा देशातील हा एक अव्वल दर्जाचा प्रयोग होता, आणि तो मराठी भूमीत झाला याचा आपण उघडपणे अभिमान बाळगावा. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने त्याच काळात जे कार्य उभे केले, त्यात पोत्याचे वजन शंभर किलोंवरून पन्नासवर आणण्याचा लढा होता. ज्याच्या मानेवर ते पोते येते, त्याच्या दृष्टीने हा निर्णय कितीतरी राजकीय घोषणांहून मोलाचा होता.

ऐंशीच्या आणि नव्वदच्या दशकांत घाऊक बाजार एकेक करून तुर्भे-वाशीकडे गेले, माथाडींची मोठी संख्याही खाडीपलीकडे गेली. तिथे रस्ते रुंद आहेत आणि गाळ्याला धक्के आहेत. परंतु मशीद बंदरच्या गल्ल्यांत आजही दुपारी उभे राहिले, तर खांद्याला अडकवलेला पोत्याचा लोखंडी आकडा, घामाने काळवंडलेला पंचा, आणि ओझे उतरल्यावर भिंतीला पाठ लावून दोन मिनिटे डोळे मिटणारा माणूस, हे सारे दिसते. नोंदणी नसलेले, कायद्याच्या छत्राबाहेर राहिलेले मजूर येथे आणि बांधकामांवर पुष्कळ आहेत. तेलंगणातून व मराठवाड्यातून आलेल्या ज्या स्त्रिया परांचीवर आणि जिन्यावर घमेली वाहतात, त्यांच्या मानेचा हिशेब कोणत्याच दप्तरी होत नाही.

सर्वांत जुने आणि सर्वांत कमी दिसणारे ओझे मात्र पाण्याचे आहे. विहार तलावाचे पाणी १८६० साली नळाने शहरात आले, तानसाचे १८९२ साली. आज वैतरणा व भातसा धरून सात जलाशयांतून दररोज साडेतीन हजार दशलक्ष लिटरांहून अधिक पाणी मुंबईला मिळते, आणि त्याचा मोठा भाग शहापूरकडच्या डोंगरांतून सुमारे शंभर किलोमीटर प्रवास करून येतो. स्थापत्यशास्त्राचा हा पराक्रम निर्विवाद आहे. पण घाटकोपर, विक्रोळी, भांडुप येथील टेकड्यांवर जी वस्ती चढत गेली आहे, तिच्या माथ्यापर्यंत नळाचा दाब पुष्कळदा पोहोचत नाही; तेव्हा पायथ्याच्या नळावरून पंधरा लिटरांचा हंडा, त्यावर कळशी, असे वीस-बावीस किलो डोईवर घेऊन बायका आणि मुली दोन-दोनशे पायऱ्या चढतात, आणि पाण्याची वेळ संपण्यापूर्वी तीन-चार खेपा करतात. या ओझ्याला मजुरी नाही, टोळी नाही, मुकादम नाही आणि कायदाही नाही. शंभर किलोमीटर पाणी वाहून आणणाऱ्या नगरीने शेवटचे दोनशे फूट एका मुलीच्या मानेवर सोडून द्यावेत, ही गोष्ट मला अत्यंत लाजिरवाणी वाटते, आणि ती तशी प्रत्येक मुंबईकराला वाटली पाहिजे.

आपल्या संस्कृतीत डोक्यावर वाहणे हे हीन मानलेले नाही, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. आषाढीच्या वारीत तुळशीवृंदावन डोक्यावर घेऊन पंढरीला जाणाऱ्या माउलीच्या पायांना आपण हात लावतो. गणेशचतुर्थीला एरवी बाजारहाटाची पिशवीही हातात न धरणारा गृहस्थ टोपी घालून, पाटावरची मूर्ती डोक्यावर घेऊन येतो, आणि घरातील मंडळी त्याच्यासाठी वाट मोकळी करीत पुढे चालतात. देव डोक्यावर असला, की आपण वाट देतो, आधार देतो, उंबऱ्याशी थांबवून पायावर पाणी घालतो. अन्न, पाणी आणि धान्य डोक्यावर असले, की त्याच माणसाला आपण ‘आंधळा आहेस का’ असे विचारतो. हे दोन व्यवहार एकाच समाजाने करावेत, यात मोठी विसंगती आहे, आणि ती दूर करणे आपल्या स्वाधीन आहे.

तमिळ देशात रस्त्याच्या कडेला सुमैतांगी नावाचे दगड आढळतात: दोन उभे खांब आणि त्यांवर टाकलेली एक आडवी शिळा. वाटसरूने कोणाची मदत न घेता डोक्यावरचे ओझे तिच्यावर टेकवावे, दम घ्यावा, आणि पुन्हा मान खाली घालून ते उचलून चालू लागावे, अशी ती योजना. गरोदरपणात मृत्यू पावलेल्या स्त्रीच्या स्मरणार्थ असा दगड उभा करण्याची तिकडे रीत होती. मुंबईत महापालिकेने मंडयांच्या दाराशी, रेल्वेने पुलांच्या पायथ्याशी, आणि टेकड्यांवरील वस्त्यांत दर पन्नास पायऱ्यांवर असे ओटे बांधावेत, ही माझी दोन्ही प्रशासनांना सूचना आहे. त्याला जागा थोडी लागते, खर्च त्याहून थोडा, आणि त्यासाठी नवा कायदा करण्याची गरज नाही. टेकड्यांवर दाबाने पाणी चढवण्याचे काम मात्र ओट्यांवर भागवून चालणार नाही. ते झालेच पाहिजे.

वाचकांसाठी दोन शब्द. पुलावर मागून ‘बाजू’ अशी हाक आली, तर वळून पाहत उभे राहू नये. आधी भिंतीकडे सरावे, कारण हाक देणाऱ्याला थांबता येत नाही. कोणी ‘हात लावा’ म्हणाले, तर आपली पिशवी खाली ठेवून दोन्ही हात द्यावेत. एका हाताने दिलेल्या आधाराने ओझे कलते. उचलताना झटका त्याच्या इशाऱ्यावर द्यावा, आपल्या सोयीने नव्हे, आणि दोन पावलांत त्याचा तोल सावरेपर्यंत कड सोडू नये. एवढे शिकण्यास फारसा वेळ लागत नाही, आणि ज्या शहरात आपले जेवण, आपले फूल आणि आपले धान्य कोणाच्या तरी मानेवरून घरी येते, तिथे एवढे प्रत्येकाला आलेच पाहिजे.